हिराआजींच्या खुर्चीचा अर्ज

देणगीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थेत देणगी जमो न जमो, किस्से मात्र भरपूर जमतात! भोरमध्ये आमची छोटीशी संस्था आहे. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची असं साहित्य म्हाताऱ्या माणसांना वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. अध्यक्ष नाना, एसटीतले निवृत्त कंडक्टर. अर्ज लिहिणार शबानाताई. धावपळीला मी.

*

भाटघरच्या हिराआजींचा खुबा मोडला, तेव्हा आमच्या कमोडच्या सगळ्या खुर्च्या बाहेर गेलेल्या. संडास अंगणापलीकडं, सून मंदा उचलून न्यायची. तिला सारखं उचलावं लागू नये म्हणून आजींनी चहाच सोडला. दिवसाला सहा कप पिणारी बाई! ऐकून मला रडू आलं. शबानाताईंनी त्याच दिवशी एका ट्रस्टचा फॉर्म आणला.

*

फॉर्ममध्ये विचारलेलं, 'प्रकल्पाचा शेवट कसा होईल?' शबानाताईंनी पेनच खाली ठेवलं.

नाना म्हणाले, "लिवा की! माणूस बरं झालं की खुर्ची परत. न्हाई झालं, तरी परत!"

ताईंनी तसंच लिहून टाकलं.

*

मग ट्रस्टनं कार्यकारिणीच्या सभेचा फोटो मागितला. सातही जण एकत्र सापडले ते कामथडीच्या एका लग्नात! पंगतीतच सभा उरकली, फोटो पाठवला.

ट्रस्टमधून फोन आला, "नाना, सगळ्यांच्या हातात जिलबी दिसतेय. ठराव कुठला मंजूर झाला?"

"खुर्चीचा एकमतानं, साहेब. दुसरा जिलबीचा!"

*

साहेब स्वतःच पाहणीला आले. दारात पाहुणा बघून हिराआजी खांबाला धरून चक्क उभ्या राहिल्या! मंदा सावरायला धावली.

"आजी, काही त्रास?" साहेबांनी विचारलं.

"छे! लई झ्याक हाय माजं. तुमी बसा, च्या घ्या."

साहेबांनी चहा घेतला आणि कागदावर लिहिलं, 'आजी चालत्याफिरत्या आहेत.' अर्ज नामंजूर!

नानांनी आजींपुढं हात जोडले. "अवो, जरा पडून ऱ्हायाचं की!"

"पाव्हण्यापुढं पडून ऱ्हाऊ? मला काय रीतभात न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी मंदा एकटीच ट्रस्टच्या ऑफिसात गेली. "साहेब, काल तुमी च्या घेतला. आत्याबाईंनी न्हाई घेतला. का घेतला न्हाई, इचारलं का?"

आणि तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी तिथंच सही केली.

*

खुर्ची आली, आजींच्या खाटेशेजारी बसली. आता शेवटची अट, 'लाभार्थी साहित्याचा वापर करत असतानाचा फोटो पाठवावा.'

कमोडच्या खुर्चीचा वापर करताना! शबानाताई लाल झाल्या. नाना चपला घालून अंगणात निघून गेले. उरलो मी. चाचरत चाचरत आजींना अट सांगितली.

आजी निवांत खुर्चीत बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चुलीकडं बघून ओरडल्या, "मंदे, च्या आण! कप भरून!"

मंदा डोळे पुसतच आली. आजींनी बशीत ओतून मोठ्ठा घोट घेतला, मग माझ्याकडं बघितलं.

"काढ की फोटू! वापरच चाललाय."