पोर्शनमध्ये नसलेला प्रश्न

सोलापुरात एकेकाळी पोरांना स्पॅनिश शिकवलं जायचं, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडं जरा काळजीनं बघतो. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय असं त्याला वाटतं. पण शिकवलं जायचं, आणि शिकवणारी मीच होते. नंतर माझ्याकडून काढून ते एका शहाण्या माणसाच्या हाती दिलं. त्यानं त्याचं काय केलं ते आज लिहिते. इतकी वर्षं बोलले नाही ते मोठ्या मनानं वगैरे नव्हे. कुणी विचारलं नाही, एवढंच.

मी मुळात शिवणाची बाई. सातवीची फायनल पास झाले आणि पूर्वभागातल्या एका मराठी शाळेत शिवणकामाला लागले. मग स्पॅनिश कुठून आलं? तर माझी आई शहराबाहेरच्या एका मिशन दवाखान्यात धुणं धुवायची. तिथल्या सिस्टर स्पेनहून आलेल्या. मी आईच्या मागं जायचे आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. मला मुद्दाम कुणी शिकवलं नाही. चुलीजवळ सरकले की आतून ‘क्विदादो’ म्हणून आवाज यायचा, म्हणजे जप. पाणी हवं तर ‘आग्वा’ म्हणायचं. असं करत बारा वर्षांची होईतो मी घडाघडा बोलायला लागले, आणि वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं.

त्यातली एक सिस्टर, हनुवटीवर तीळ असलेली, मला रोज दारात अडवायची आणि एकच प्रश्न विचारायची. ‘इ तू, दे किएन एरेस?’ म्हणजे, आणि तू गं कुणाची? आपल्याकडं खेड्यात म्हाताऱ्या बायका नवं पोर दिसलं की हेच विचारतात, नाव मागाहून. त्यांच्याही गावाकडं तसंच असावं. मी कुणाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी विचारायची, आणि ‘धुणेवालीची’ असं तिच्या भाषेत सांगितलं की गालाला हात लावून आत सोडायची. माझं लग्न झालं, शाळा लागली, तरी महिन्यातून एखाद्या रविवारी मी तिच्याकडं जायचे. शेंगाची चटणी न्यायचे. ती कडक भाकरी दुधात कुस्करून त्यावर ती चटणी घालून खायची. तो प्रकार बघवायचा नाही, पण मी बोलायची नाही.

आता शाळेचं ऐका. आमच्या संस्थेचे अध्यक्ष चादरी-टॉवेलांचे कारखानदार. सगळे त्यांना मालक म्हणायचे, शाळेतसुद्धा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी मालक परदेशात माल दाखवायला गेले आणि तिथं कुणा स्पॅनिश बोलणाऱ्या व्यापाऱ्यापुढं त्यांना तोंड उघडता आलं नाही. त्याचा राग त्यांनी आमच्या पोरांवर काढला. जूनमध्ये आल्या आल्या जाहीर केलं की चौथी ते सातवीला स्पॅनिश. शाळेच्या दारावर कापडी फलक लागला. भिंतींचं प्लॅस्टर पडत होतं तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं, फलक मात्र दोन रंगांत. शिकवणार कोण, हे फलक लागल्यावर सुचलं.

कुणीतरी माझं नाव सांगितलं. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘बाई, बोलून दाखवा.’ मी त्या भाषेत अगदी आदरानं सांगितलं की तुमच्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलंय, काढून द्या, मी लावून देते. मालकांनी डोळे मिटून मान हलवली आणि हेडमास्तरांना म्हणाले, ‘वा. काय गोडवा आहे बघा.’ अशी माझी निवड झाली.

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. मला जसं आलं तसंच मी दिलं. वर्गाच्या कोपऱ्यात माठ ठेवला आणि सांगितलं, त्या भाषेत मागितल्याशिवाय पाणी नाही. सोलापूरचं ऊन ठाऊक असेल तर त्या पोरांना ‘आग्वा’ यायला किती वेळ लागला ते सांगायला नको. मग सुई, दोरा, बस, ऊठ, सरक, माझा पाट दे. भांडणंसुद्धा त्याच भाषेत करायची असा नियम होता, त्यामुळं पुष्कळशी भांडणं शब्द सापडेपर्यंत विझून जायची. आणि ही पोरं कसली, तर घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि अक्कलकोटकडची भाजीवाली आली की कन्नड. त्यांच्या तोंडात आणखी एका भाषेला जागा होती. स्पॅनिशमधला तो घशातला ‘ख़’ मला अजून नीट जमत नाही, पण मोमीन घरातल्या दोघी मुली तो पहिल्याच दिवशी असा म्हणाल्या की मी त्यांनाच बाकीच्यांच्या मास्तरणी केलं.

आणि रोज दारात उभी राहून मी एकेकाला तो प्रश्न विचारायची. ‘इ तू, दे किएन एरेस?’ कुणी म्हणायचं विडीवालीचा, कुणी रंगाऱ्याचा. पाचवीत एक मुलगी होती, सकाळी घरच्या मागाला सुताच्या कांड्या भरून मग शाळेत यायची, म्हणून सगळे तिला कांडीवाली म्हणायचे. ती एका पायावर उभी राहून म्हणायची, ‘सोय देल तेख़ेदोर.’ मी विणकराची. ते असं म्हणायची, जणू राजाची. त्या भाषेत ती मला चिडवायची, माझ्या चालण्याची नक्कल करायची, खोटंही बोलायची. भाषेत खोटं बोलता आलं म्हणजे भाषा आली, असं माझं आपलं मत आहे.

सिस्टरला मी हे सगळं सांगायची. ती हसायची आणि विश्वास ठेवायची नाही. माझी मुलं एकदा तिला ऐकवायची, एवढं एकच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या वर्षी वह्यांची तपासणी झाली. स्पॅनिशच्या वह्या कोऱ्या. हेडमास्तरांनी विचारलं, वर्षभर केलं काय? मी म्हटलं, बोललो. ते म्हणाले, ‘बोललो हे दप्तरात कुठं दाखवायचं, बाई?’ झालं. विषय आमच्या गणित-इंग्रजीच्या सरांकडं गेला. सरांनी पोस्टानं कसलासा कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट चौकटीत घालून स्टाफरूममध्ये टांगलं होतं. त्यांनी आयुष्यात कुणाच्या तोंडून स्पॅनिशचं एक वाक्य ऐकलं नव्हतं आणि ऐकायची इच्छाही नव्हती. मी पलीकडच्याच खोलीत शिवण घेत होते, पण त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. शिवणाच्या बाईला काय विचारायचं?

सरांनी पहिलं काम केलं ते माठ व्हरांड्यात नेला. दुसरं, विषय इंग्रजीतून सुरू केला. मराठी शाळेतल्या चौथीच्या पोरांना स्पॅनिश इंग्रजीतून. घरात शिरायला दार असताना शेजाऱ्याच्या छपरावरून उडी मारण्यातला प्रकार. मग नोट्स काढल्या, सायक्लोस्टाईल केल्या. महत्त्वाच्या प्रश्नांवर फुल्या मारल्या. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. महिन्याभरात त्यांच्या ओसरीवर स्पॅनिशची शिकवणी सुरू झाली. जे जाऊ शकत होते ते गेले. ज्यांना सकाळी कांड्या भरायच्या आणि संध्याकाळी वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या होत्या ते राहिले. मी पलीकडं मशीनवर बसून ऐकायची. पोरं तालावर पाठ म्हणायची आणि त्यातला एकही शब्द मला कळायचा नाही. मला, जी त्या भाषेत वाढली.

वार्षिक परीक्षेत माझी बोलणारी मुलं नापास झाली. त्या दोघी मोमीनांच्या, रंगाऱ्याचा मुलगा, कांडीवाली, सगळी. त्यांना इंग्रजीतून जोड्या लावता आल्या नाहीत. पहिला आला मालकांचा पुतण्या. त्याची वही मी बघितली आहे. अक्षर खरंच सुंदर होतं.

त्याच सुमारास सिस्टरला परत बोलावणं आलं. वय झालं होतं, आता स्पेनलाच राहायचं, पुन्हा येणं नाही. ही बातमी मालकांच्या कानावर गेली आणि त्यांना वाटलं, बक्षीस समारंभाला खरी स्पॅनिश पाहुणी, फोटो चांगला येईल. मला त्यांच्या हेतूचं काय? मला एवढंच दिसलं की सिस्टर शाळेत येणार आणि माझी मुलं समोर असणार. मी तिला चटणी बांधून दिली आणि सांगितलं, ‘त्या मुलांना तुमचा प्रश्न विचारा.’

समारंभ अगदी रीतसर झाला. हार झाले, मालकांचं लांबलचक भाषण झालं. त्यात स्पॅनिशचा उल्लेख पुष्कळ वेळा आणि स्पॅनिश शब्द एकही नाही. मग पुतण्याला बक्षीस. सिस्टरनं त्याच्या हातात पेला दिला, वाकली, गालाला हात लावला आणि विचारलं, ‘इ तू, दे किएन एरेस?’

तो तिच्या चपलांकडं बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं, हळू. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग सर पुढं झाले, घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, ‘सिस्टर, हा प्रश्न पोर्शनमध्ये नाही.’

मालकांनी समजूतदारपणे मान हलवली. हेडमास्तरांनीही. एवढं शिकलेले लोक व्यासपीठावर बसले होते आणि त्यातल्या एकालाही हसू आलं नाही. सिस्टरला इंग्रजी बेताचंच. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी मुलांच्या बाजूला उभी होते. नापासांना अगदी मागं, भिंतीला टेकून बसवलं होतं. मी कांडीवालीजवळ गेले आणि कानात म्हटलं, ‘ऊठ, सांग तिला. तुला येतंय.’

ती मान खाली घालून सतरंजीचा दोरा काढत होती. म्हणाली, ‘बाई, आमी नापास हाय की.’

‘मग काय झालं?’

‘नापासानं कसं बोलायचं? येत न्हाय म्हणून तर नापास केलंय.’

मी तिच्या दंडाला धरलं. ती जागची हलली नाही. मोमीनांच्या दोघींकडं बघितलं तर त्यांनी ओढण्यांत तोंड घातलं. ज्या पोरांनी मला वर्षभर त्या भाषेत सळो की पळो करून सोडलं होतं, त्यांना एका कागदावरच्या लाल आकड्यानं पटवून दिलं होतं की त्यांना ती येत नाही. सरांची विद्वत्ता मी कधी मानली नाही, पण एवढं एक काम त्यांनी चोख केलं होतं.

आणि मी काय केलं? मी मोठ्यानं उत्तर देऊ शकत होते. धुणेवालीची, म्हणून. मालक समोर, हेडमास्तर समोर. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले. सरांना नावं ठेवताना हे वगळलं तर ते बरं दिसणार नाही, म्हणून लिहिलं.

जाताना सिस्टरनं फाटकाशी माझा हात धरला. मी आपणहून म्हटलं की मुलं लाजली. ती म्हणाली, ‘सी, सी,’ हो, हो, आणि माझ्या हाताच्या पाठीवर थोपटलं. लहान मूल फुशारकी मारतं तेव्हा आपण थोपटतो तसं. दोन दिवसांनी ती गेली.

सर मात्र बेसावध राहणारे नव्हेत. तो प्रश्न त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी नोट्समध्ये घातला. दोन मार्कांना, पुढं दोन फुल्या. सहामाहीनंतर कांडीवाली शिवणाच्या तासाला आली तेव्हा तिनं ती नोट माझ्यापुढं धरली. आता ती शिकवणीला जात होती. तिच्या बापानं कसं जमवलं देव जाणे. ‘आणि तू कुणाची?’ या प्रश्नाखाली सरांनी उत्तर छापलं होतं, ‘तेंगो दिएस आन्योस.’ माझं वय दहा वर्षं आहे.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, तू हे लिहिलंस?

‘व्हय. हेच लिवायचं असतंय. दोन मार्क मिळाले.’ मग सुईत दोरा ओवत, मान वर न करता म्हणाली, ‘चूक हाय ते ठाऊक हाय मला, बाई. सोय देल तेख़ेदोर.’

किती स्वच्छ म्हणाली. ज्या बाईनं ते ऐकायचं ती समुद्रापलीकडं. मी म्हटलं, बरोबर, आणि तिचा टाका उसवून पुन्हा घालायला लावला, कारण तो खरोखरच वाकडा गेला होता.

त्या वर्षी ती पास झाली.