तुझी केस आहे

सैन्यातलं माझं शेवटचं पोस्टिंग पुण्याला होतं. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि नगर रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात सर्जन म्हणून लागलो. शहरात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या येत होत्या. कंपनीच्या विम्यावर येणारे रुग्ण इंटरनेटवरचे कागद छापून आणत आणि ऑपरेशन कसं करायचं ते मला सांगत.

मेजर सतीश परांजपे तिथे माझ्याआधी आला होता. आघाडीवरच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये तो माझा ज्युनियर. टाके घालायला त्याला मीच शिकवलं होतं. आता तो दुर्बिणीने पित्ताशय काढत असे. त्याच्या दाराशी रांग लागे. माझ्या दाराशी त्याची खोली विचारणारे येत. कोथरूडचे एक गृहस्थ म्हणाले, "आपण पोट उघडून करता म्हणे? अजून?"

थिएटरमध्ये सगळे दुर्बिणीच्या पडद्याकडे बघत. माझ्या हातांकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं. मला ते सलत होतं.

येरवड्याचे नायब सुभेदार गायकवाड पित्ताशयातल्या खड्यांसाठी आले. आमच्या फील्ड हॉस्पिटलची अँब्युलन्स तेव्हा तेच चालवत. मुलगा आयटीत होता.

"पप्पा, दुर्बिणीनेच करू. तिसऱ्या दिवशी घरी."

"नवी गाडी मेजरसाहेबांना चालवू देत," गायकवाड म्हणाले. "पण ब्रेकवर पाय कर्नलसाहेबांचा पाहिजे."

सतीश मोठ्याने हसला. मी हसलो नाही.

सकाळी आठला सुरुवात झाली. मी हात धुऊन, गाऊन घालून शेजारी उभा होतो. थोड्याच वेळात पडदा रक्ताने लाल झाला.

"सर, ओपन करू?" सतीशने विचारलं.

आमच्या थिएटरमध्ये वरिष्ठ हजर असला की पोट उघडायचा हुकूम त्याचा. ती शिस्त सतीशला मीच लावली होती. एक शब्द पुरला असता. पण दुर्बिणीने भागत नाही, हे त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने म्हणावं, असं मला वाटलं.

"तुझी केस आहे," मी म्हणालो.

"येस सर."

पुढे चालू ठेव, असा त्याने अर्थ घेतला. रक्तवाहिनीला क्लिप लावून पाहिली. निसटली. पुन्हा लावली.

"बीपी साठ," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "सर, कोणीतरी ठरवा."

"ओपन," मी म्हणालो.

फाटलेली रक्तवाहिनी माझ्या बोटांना लगेच सापडली. रक्त थांबलं. गायकवाडांच्या हृदयाला मात्र तो ताण झेपला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूतच ते वारले.

रुग्णालयाच्या चौकशीत सतीश म्हणाला, "निर्णय माझा होता." मी म्हणालो, "केस मेजर परांजपेंची होती." दोष त्याच्या माथी आला. तो त्याचा नव्हता. सतीशने पुणे सोडलं. त्याच्या दारची रांग माझ्याकडे काही आली नाही.

खिंडीतल्या रस्त्यावर गोळीबार चालू असला तरी गायकवाड गाडी थांबवत नसत. त्यांनी आणलेला एकही जवान उशिरा पोचला म्हणून माझ्या टेबलावर दगावला नाही. उशीर झाला तो त्यांच्याच वेळी, आणि मी टेबलाला टेकून उभा होतो.