डोस चुकवायचा न्हाई

"तोंड उघड, राजा. डोस चुकवायचा न्हाई!" असं म्हणत आमच्या नर्सबाई पोराची हनुवटी दोन बोटांनी वर उचलायच्या, आणि पोरानं भोकाड पसरायच्या आत औषध पोटात गेलेलं असायचं.

भिंगारच्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपर लिहायची, त्या औषधं द्यायच्या. एकट्याच होत्या, मागं ना पुढं कोणी. संध्याकाळी पांढरी साडीसुद्धा न बदलता घरोघर जाऊन आजारी पोरांना स्वतः डोस पाजायच्या. "आयांचं काय सांगावं? खोकला थांबला की बाटली फळीवर," म्हणायच्या. अशी जीव लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझी शैला दीड वर्षाची असताना तिची छाती भरली. खोटं कशाला सांगू, आम्ही आशा सोडली होती. डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनचं पिवळं औषध लिहून दिलं आणि बाईंनी दिवसातून चार वेळा येऊन ते पाजलं. पोरगी वाचली. पुढं दर हिवाळ्यात खोकला आला की तेच औषध आणि तोच चमचा.

सातव्या वर्षी तिचे दुधाचे दात पडले. नवे आले ते राखट, पिवळ्या पट्ट्यांचे. घासून घासून हिरड्यांतून रक्त आलं, डाग काही हलेना. आळीतल्या आणखी काही पोरांचं तसंच. दुष्काळाचं साल, टँकरचं पाणी. सगळ्यांनी पाण्यावर खापर फोडलं.

मग शाळेत दातांचे डॉक्टर तपासणीला आले. बाई मदतीला होत्या. डॉक्टर म्हणाले, "हे त्या पिवळ्या औषधानं झालंय. दात हिरडीच्या आत तयार होतात, तेव्हाच रंग बसतो. आता निघायचा नाही."

बाईंनी रांगेतली पोरं पुन्हा पाहिली. ज्यांच्या आया बाटली फळीवर विसरल्या होत्या, त्यांचे दात पांढरे होते. डागाचे दात होते ते सगळे बाईंनी जपलेल्या पोरांचे.

त्या तडक माझ्याकडे आल्या. "माज्याच हातानं झालं, ताई. मला ठावं न्हवतं."

आणि मी मेली काय बोलले? "आता पोरीनं जन्मभर तोंड झाकून हसायचं का?"

त्यानंतर त्या कुणाच्याच घरी गेल्या नाहीत. दुपारचा डबासुद्धा औषधांच्या खोलीत दार लोटून खायच्या. मी बाहेरच बसलेली असायची. आत जायला चार पावलं होती, पण माझा ताठा आड यायचा. वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली.

जायच्या दिवशी मी शैलाला घेऊन एसटी स्टँडवर गेले. ती हसत त्यांच्याकडे धावली. सवयीनं बाईंची दोन बोटं तिच्या हनुवटीखाली गेली आणि तिनं मोठ्ठा आ केला. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिचे पुढचे दोन दात हळूच पुसले. पुन्हा पुसले.

"बाई, ही तुमच्यामुळं जगली," एवढंच सांगायला मी आले होते. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी म्हणाले, "जपून जा."