लाइनवरचा कॅमेरा

"लाइव्ह डिसिजन, नो ट्राय. बॉल टेकलाय का बघा." हेडसेटमध्ये रेफरी जोआनाचा आवाज आला. शेवटचं मिनिट, होम टीम दोन पॉइंटनी मागे, आणि गोललाइनवर सहा धिप्पाड गडी एकमेकांवर पडलेले.

मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या रग्बी लीग स्पर्धेत रिप्ले ऑपरेटर आहे. मैदानामागच्या व्हॅनमध्ये बसायचं आणि व्हिडिओ रेफरी मागेल तो अँगल त्याला द्यायचा. निर्णय त्याचा. खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: गोललाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, चार पॉइंट. पण मेख पुढे आहे. व्हिडिओकडे पाठवण्याआधी रेफरीला 'ट्राय' किंवा 'नो ट्राय' सांगावंच लागतं. व्हिडिओत स्पष्ट पुरावा मिळाला नाही तर तिचंच म्हणणं कायम राहतं. 'मला दिसलं नाही' म्हणायची सोयच नाही.

जोआना एरवी शाळेत पीटी शिकवते. फायनलची रेफरी म्हणून तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. आमच्या लीगमध्ये आजवर एकाही बाईनं फायनल केलेली नाही.

मी पहिला अँगल दिला. नुसत्या पाठी. दुसरा दिला, पुन्हा पाठीच. "लाइनवरचा दे," व्हिडिओ रेफरी म्हणाला. बटण दाबलं, तर स्क्रीनवर तोंड हिरवं रंगवलेला, नाचोज खाणारा एक फॅन!

"हे काय आहे?" मी ओरडले. आमचा प्रॉडक्ट हेड समीर व्हॅनच्या दारातच उभा होता.

"अगं, आजपासून तो कॅमेरा फॅन कॅम केलाय. लाइनवर मॅचमध्ये दोनदा काम पडतं, फॅन्स पूर्ण वेळ असतात. एंगेजमेंट बघ ना यार!"

"डोंबलाची एंगेजमेंट! मला विचारलंस का?"

व्हिडिओ रेफरीनं जोआनाला कळवलं: पुरावा नाही, निर्णय कायम. होम टीम हरली.

मग जे झालं ते ऐकवत नाही. व्हॅनच्या पत्र्यातून शिव्या ऐकू येत होत्या. "आंधळी", "किती घेतलेस", आणि बाई म्हणून जे काही म्हणता येतं ते सगळं. मैदानात बाटल्या आल्या. सिक्युरिटीनं जोआनाला चेंजिंग रूममध्ये बसवून ठेवलं. मी पाणी घेऊन गेले. तिनं एकच विचारलं, "ट्राय होती का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तिथे कॅमेराच नव्हता."

मला रडू येत होतं, रागानं.

सोमवारी रिव्ह्यू मीटिंग झाली. समीरनं स्टेटमेंट वाचून दाखवलं. चुकीच्या निर्णयाबद्दल लीग फॅन्सची माफी मागते, रेफरीला विश्रांती देण्यात येत आहे.

"चुकीचा कशावरून?" मी विचारलं. "ट्राय होती याचा तरी पुरावा आहे का तुमच्याकडे? कॅमेरा आपण फिरवला. तसं लिहा."

"वैशाली, फॅन्सना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत."

"मग कळतील अशा भाषेत लिही."

"अगं, तू एवढी इमोशनल का होतेस? ती तुझी कोण लागते?"

मी सगळ्यांदेखत सांगितलं, हे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. माना हलल्या. माझे आभारही मानले. स्टेटमेंट संध्याकाळी जसंच्या तसं गेलं. जोआनानं त्याच आठवड्यात शिट्टी परत केली. मी फोन केला तर म्हणाली, "शाळेतली मुलं विचारतात, मॅम, किती घेतलेत?" कप्पाळ!

गंमत अशी की हरूनसुद्धा आमची होम टीम फायनलला पोचली. त्या दिवशी लाइनवर कॅमेरा परत लावून दिला, तोही मी भांडले म्हणून. फक्त एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाला फॅन कॅम.

मॅचआधी नवा रेफरी व्हॅनपाशी आला. सभ्य माणूस. "लाइनवरचा कॅमेरा कुठल्या टोकाला आहे?" त्यानं विचारलं. मी दाखवलं. बिचारा नीट तयारी करतोय, असं मला वाटलं.

त्या टोकाला त्यानं प्रत्येक निर्णय अचूक दिला. दुसऱ्या टोकाला गडी एकमेकांवर पडले, की होम टीमसाठी त्याचा लाइव्ह डिसिजन न चुकता 'ट्राय'. व्हिडिओत पुन्हा पाठीच. पुरावा नाही, निर्णय कायम. होम टीम जिंकली, स्टेडियम नाचलं, एकही तक्रार आली नाही.

समीर खुशीत व्हॅनमध्ये आला. "बघितलंस? रेफरिंग किती सुधारलं!"