जस्ताचं तेल

नातू मोटारसायकलचं ऑइल बदलायला बसला, की त्या उग्र वासासरशी मी देवळालीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते.

बहात्तरचा दुष्काळ होता. विहिरीनं तळ गाठला होता, ऊस जळून गेला होता, तरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फटफटी विकली नव्हती. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या संध्याकाळी ती परतली, तेव्हा दादा इंजिनातून काढलेलं जुनं तेल बोटांत चोळून बघत होते. लोखंडाचा कीस हाताला लागला नाही, म्हणून खुशीत होते.

“ह्या तेलात जस्त असतंय,” ते आईला म्हणाले. “ते सोता झिजतं, म्हून इंजिन झिजत न्हाई.”

हाताला गुंडाळलेली फडकी सोडत आईनं विचारलं, “आन् मग त्या जस्ताचं काय हुतं?”

“ते संपतं. मग नवं तेल घालायचं.”

आई चूल पेटवायला आत गेली. मलाही तेव्हा ते नुसतं तेलाबद्दलचं बोलणं वाटलं.

आई लवकर गेली. फटफटी त्यानंतरही कितीतरी वर्षं पहिल्या किकला चालू व्हायची. दादांनी ती किती जपली, असं गावात सगळे म्हणायचे.