डोंगराच्या खटल्यातली पहिली साक्ष

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्यालाही नाही. आज सांगते, आणि आडपडदा न ठेवता सांगते.

धारूरजवळ आमचं गाव. नव्वदीनंतर रस्त्यांची कामं निघाली आणि आमच्या डोंगरावर खडीक्रशर आलं. आधी झाडं गेली, मग सुरुंग लागले, झरा आटला. आम्ही आठवीत होतो. माझी मैत्रीण शबाना म्हणाली, "मोठी मानसं गप हायेत. डोंगरच न्हाई राहिला तर आपुन मोठं झाल्यावर पाऊस कशाला येईल इकडं? आपुनच कोर्टात जाऊ."

हसू नका — खरंच गेलो. केजच्या एका तरुण वकीलबाईंनी आम्हा पोरांच्या नावानं दावा लावला. क्रशर काही दिवस थांबलंसुद्धा!

पहिली साक्ष माझी. वर्गात सगळ्यात धीट मीच ना? शबाना बाहेर बाकावर बसली होती. आत गावचं कुणी नव्हतं.

"झरा मोठा होता?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"लई मोठा व्हता, साहेब."

"लई मोठा व्हता!" त्यानं माझी नक्कल केली. लोक हसले. माझे कान तापले. मग तो गोड आवाजात म्हणाला, "बाळ, हे बाईंनीच पढवलं ना?"

कुणी धमकावलं होतं का? नाही. आमिष होतं? तेही नाही. मला फक्त ते हसणं थांबायला हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "बाईंनीच."

खोटं. बाई एवढंच म्हणाल्या होत्या — जे पाहिलंस तेच सांग.

दावा फेटाळला गेला. पण थांबा, हे अर्धंच झालं. शबानानं विचारलं, "कावून हरलो गं आपुन?" — तेव्हा मी म्हणाले, "बाई फितल्या." गावभर झालं ते. पुढं बाई आम्हाला भेटायला आल्या, तर पोरांनी पाठ फिरवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळं ठाऊक असून माझं नाव न घेता परत गेल्या. वर्षभरात त्यांनी केज सोडलं. डोंगर आता अर्धाच आहे.

शबाना अजून गावातच राहते. मी माहेरी गेले की तिच्या ओट्यावर बसते. ती पोरींना सांगते, "त्या बाईनं आमाला इकलं." मग माझ्याकडे बघते, आणि मी मान हलवते.

गेल्या दिवाळीतही हलवली.