दिराच्या वायरीतून जाणारा कागद

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं हसलात. "आजी, डेटाबेसची सेटिंग तू केलीस?" खुशाल हसा. पुढच्या महिन्यात दवाखान्याचं काम मी दुसऱ्यांच्या हाती देणार आहे, आणि त्याआधी हे सगळं कसं झालं ते तुमच्यासाठी लिहून ठेवायचं आहे. मराठीतच लिहिते, अडलं तर आईला विचारा. ज्या बाईमुळे मी यात पडले, तिला विचारूनच लिहिते आहे. "नाव घालू नका, मग लिवा," असं ती म्हणाली. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मी बदलल्या आहेत.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला बायकांचा दवाखाना तुम्ही पाहिलेला आहे. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, तिथल्या डॉक्टर. शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि केस पेपर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. कागदाच्या काळात ते सोपं होतं. कपाट एक, किल्ली माझ्या कमरेला. नवरा येवो, सासू येवो, बाईच्या परवानगीशिवाय कागद दाखवायचा नाही. आणखी एक नियम वन्संनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. बाईला तिचं नाव आपण सांगायचं नाही, तिलाच विचारायचं. "तुम्ही अमक्या का?" म्हटलं की बसून बसून दमलेली बाई कशालाही "व्हय" म्हणते आणि एकीचा कागद दुसरीच्या हातात जातो.

मग कागद संगणकात गेले. मागच्या खोलीत एक मोठा संगणक बसला, तो सर्व्हर. सगळे केस पेपर त्याच्या पोटात. वन्सं दर गुरुवारी इचलकरंजीजवळ कबनूरला भाड्याच्या एका खोलीत रुग्ण तपासतात, मीही बरोबर जाते. तिथल्या छोट्या संगणकावर नाव टाकलं की तो इंटरनेटवरून इकडच्या सर्व्हरकडे कागद मागतो आणि तो समोर येतो. ही जोडणी उचगावच्या एका तंत्रज्ञानं करून दिली होती. चाळिशीतला माणूस, हात कुशल, तोंडी कायम "चालतंय की".

एका गुरुवारी कबनूरला एक बाई आली. तिशीतली, नवरा यंत्रमागावर कामाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोघांच्या तपासण्या झाल्या आणि दोष नवऱ्यात निघाला. हे त्या दोघांना ठाऊक होतं आणि आम्हा दोघींना. आणखी कुणाला नाही. मी तो अहवाल संगणकात घालायला लागले, तशी तिनं विचारलं, "बाई, ह्यो कागद हितंच ऱ्हातो न्हवं?"

"नाही. कोल्हापूरला जातो, इंटरनेटवरून."

"कुठनं जातोय?"

मी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीकडे बोट दाखवलं. ती उठून उभीच राहिली.

"ती डबी माझ्या दिरानं बसवलीया. ह्या गल्लीत समद्यांच्या घरात त्येचीच वायर हाय. म्हंजे ह्यो कागद दिराच्या वायरीतनं जाणार? आन् त्येला वाचता येतंय व्हय?"

"ते मलाच विचारून घ्यावं लागेल," मी म्हणाले. ती हळू आवाजात म्हणाली, "लोक मला वांझ म्हणत्यात. म्हणू देत, सवय झालीया. पर ह्यांस्नी कुणी माघारी काय बोललेलं मला खपायचं न्हाय. मागावरची माणसं लई वंगाळ बोलत्यात."

मी कळफलकावरून बोटं उचलली. तिचा अहवाल हातानं लिहिला, पर्समध्ये घातला आणि तिला सांगितलं, "खरं उत्तर मिळेपर्यंत हा यंत्रात जाणार नाही." मग वाटलं, बाकीच्या बायकांनी विचारलं नाही, एवढाच फरक. त्या दिवसापासून कबनूरचे सगळे कागद पुन्हा हातानं लिहायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाला बोलावलं.

"कोण बघतंय, काकू? त्या केबलवाल्याला दुसरी कामं हाईत की."

"बघायचं ठरवलं तर दिसेल का?"

तो कान खाजवत राहिला. "दिसंल."

"काय दिसेल?"

"समदंच. जोडणी उघडीच हाय. कुलूप लावलं की एरर येतंय, म्हणून मीच बंद केलतं."

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. दोन वर्षं मीही काही विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडून सर्व्हरची इंग्रजी माहितीपत्रकं छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. निम्मं कळलं नाही, पण भाषा माझ्या ओळखीची होती, तेव्हा शब्दाला शब्द धरून उरलेलं निम्मं गाठलं.

त्यानं दवाखान्यात बसूनच कबनूरच्या संगणकावर मजकूर सांकेतिक करून पाठवायची सेटिंग चालू केली. लगेच लाल अक्षरांत आलं: या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे ओळखपत्रावर, विश्वास ठेवता येत नाही. त्यानं एका चौकोनात टिचकी मारली. लाल अक्षरं गेली.

"झालं बघा."

तो चौकोन मी माहितीपत्रकात शोधला. त्याचा अर्थ असा, की पलीकडून कुणीही कुठलंही सर्टिफिकेट दाखवलं तरी मान्य करायचं. म्हणजे पाकिटाला लाख लावायची आणि ते हातात घेणारा कोण, हे पाहायचंच नाही. मधे बसून तिच्या दिरानं "मीच कोल्हापूरचा सर्व्हर" म्हटलं, तर आमचा कबनूरचा संगणक सगळे कागद कुलूपबंद करून त्याच्याच हातात देणार.

"आपल्याकडं कोण बी येऊ दे, पावणं म्हणून बसवायची रीतच हाय, काकू."

"बसवा की. चहा पण द्या. पण कपाटाशी नको."

खरं दुखणं वेगळंच होतं. सर्टिफिकेट सर्व्हरनं स्वतःच स्वतःला दिलेलं, त्याला कुणाची साक्ष नाही. शिवाय मी कागद शेजारी ठेवून पाहिलं, तर सर्टिफिकेटवर सर्व्हरचं नाव होतं आणि कबनूरचा संगणक त्याला नुसत्या आकड्यांच्या पत्त्यानं हाक मारत होता. दोन्हींचा मेळ बसणार कसा? तंत्रज्ञ वाकून पाहत म्हणाला, "आयला, हे ध्यानातच आलं न्हाय." त्यानं दवाखान्यापुरतं साक्ष देणारं एक मूळ सर्टिफिकेट तयार केलं, त्याच्या सहीनं सर्व्हरला योग्य नावाचं नवं दिलं, आणि ते मूळ सर्टिफिकेट कबनूरच्या संगणकाला ओळखीचं करून द्यायला निघाला.

"इथनंच पाठवतो, दोन मिनिटांचं काम."

"कुठल्या वाटेनं?"

ज्या वाटेची शंका, त्याच वाटेनं खात्रीचा कागद कसा पाठवायचा? पेन ड्राइव्ह रुमालात बांधून मी इचलकरंजीच्या एसटीत बसले.

शेवटची सेटिंग सर्व्हरवर होती: कुलपाशिवाय येईल त्याला आत घ्यायचंच नाही. ती लावली आणि आमच्याच औषधांच्या खिडकीवरचा जुना संगणक बंद पडला. त्याच्यातल्या जुन्या प्रोग्रॅमला कुलूप लावताच येत नव्हतं. वन्सं बाहेर आल्या, हातमोजे तसेच.

"वहिनी, वीस बायका ताटकळल्यात! त्या एका मशीनपुरतं सैल करा."

"एकापुरतं सैल होत नाही. सर्व्हरच्या दारात सगळ्यांना एकच नियम."

"दवाखाना चालवायचाय मला, बँक नाही!"

"औषधं मी हातानं लिहिते. बायकांना थांबावं लागणार नाही."

नवा प्रोग्रॅम यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी खिडकीशी उभी राहून औषधं लिहिली. पाय सुजले. वन्सं माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याशी.

मग कबनूरला परीक्षा घेतली. तंत्रज्ञानं आपला लॅपटॉप मधे लावला आणि त्याला आमच्या सर्व्हरचं सोंग दिलं. मी कागद मागितला. आमच्या संगणकानं साफ नकार दिला. पडद्यावर लाल ओळ. मी टाळी वाजवली.

"एरर आल्यावर टाळ्या वाजवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी ती बाई आली. मी तिला समोर बसवून सांगितलं, "वायर तुमच्या दिराचीच आहे. ही खोली कोल्हापूरच्या दवाखान्याशी बोलते, केव्हा बोलते, हे त्याला कळेल. काय बोलते, ते वाचता येणार नाही."

तिनं थोडा विचार केला. "कोण कुणाकडं गेलं ते कळंल. काय बोललं ते न्हाय."

"बरोबर."

"आन् तिकडं कोण वाचतंय?"

"डॉक्टर आणि मी."

"आन् त्यो मशीनवाला?"

महिनाभर मी वाटेचा पहारा बसवत होते, आणि सर्व्हरची किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याचा मला विसर पडला होता. खोटं बोलणं सोपं होतं. "त्यानं ठरवलं तर त्याला वाचता येईल," मी म्हणाले.

"कुठला त्यो?"

"उचगावचा."

तिनं मनातल्या मनात सगळे सोयरे तपासले असावेत. मग म्हणाली, "उचगावात आमचं कोण न्हाय. घाला."

मी तो अहवाल तिच्यासमोरच संगणकात घातला आणि हातानं लिहिलेला कागद तिला परत दिला. तिनं त्याच्या बारीक चिंध्या केल्या आणि पदराला बांधून नेल्या. त्यानंतर मी तंत्रज्ञाचा पासवर्ड काढून घेतला. तो पहिल्यांदा रुसला. आता काम असलं की मी त्याचं खातं उघडते, काम होईपर्यंत शेजारी बसते आणि तो उठला की बंद करते. जो माझ्या जागी येईल त्यालाही हेच करावं लागेल, असं मी लिहून दिलं आहे.

ती जोडणी अजून तशीच चालू आहे. सर्टिफिकेटची मुदत संपायच्या आधी नवं बनतं. दीर अजून त्या गल्लीत वायरी ओढतो. ती बाई अजून गुरुवारी येते, आणि तिच्या घरात तो कागद अजून कुणी वाचलेला नाही.